मधले चार तास

विमानतळाच्या खांबाआड उभं राहून त्याने तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. बायकोचं विमान उतरलं होतं. आता ती बाहेर येईल आणि कोणीतरी पुढे होईल. तो कोणीतरी कोण, हे बघायलाच तो पहाटेच्या विमानाने तिच्याआधी इथे येऊन थांबला होता.

त्याला फसवणं सोपं नव्हतं. वीस वर्षं तो तिकिटांच्या काउंटरवर बसत होता. कुठल्याही दोन शहरांची नावं घ्या, अंतर आणि वेळ त्याच्या जिभेवर. बायकोचं मुख्य ऑफिस घरापासून तीन हजार किलोमीटर. थेट विमानाने चार तास दहा मिनिटं. दर महिन्याला ती जायची थेट, परतीला मात्र सव्वाआठ तास लावायची. या मधल्याच शहरात उतरायची, चार तास काढायची, मग दुसरं विमान धरायची.

जळण्यात तर त्याचा हात कोणी धरला नसता. अकरा वर्षांपूर्वी आईला "राहा तुझ्या लाडक्या थोरल्याकडेच" असं सुनावून तो घराबाहेर पडला होता. त्या घराचं नाव काढायचं नाही, अशी बायकोला सक्त ताकीद होती. भावाची नोकरी बदलीची. ती माणसं आता कुठे असतात, हेही त्याने कधी विचारलं नाही.

"थेट विमान असताना ही वाकडी वाट कशाला?" त्याने बायकोला एकदा हटकलं होतं.

"ऑफिस काढून देतं तेच तिकीट घ्यावं लागतं," ती म्हणाली होती, हातातल्या विणकामावरून नजर न उचलता.

दुसऱ्या दिवशी त्याने काउंटरवर बसून पाहिलं. थेट विमानात अकरा जागा रिकाम्या होत्या. आणि ती विणत होती तो करडा स्वेटर? एकदाही त्याच्या अंगाला लावून पाहिला नाही. तयार झाला, तिच्या बॅगेत गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती.

काचेचं दार सरकलं. बायको बाहेर आली. जवळजवळ धावतच होती. पाठमोऱ्या उभ्या एका पुरुषाने हात वर केला, तिने हसत आपली बॅग त्याच्याकडे दिली. याच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येताना ही कधी अशी धावली होती? तो तरातरा पुढे निघाला.

चार पावलांवर तो पुरुष वळला. दादा. केस पार पांढरे झालेले. त्याच्या पुढ्यात चाकांची खुर्ची होती. खुर्चीत आई, एवढीशी झालेली. अंगात करडा स्वेटर.

त्याचे पाय जागच्या जागी थांबले.

"आणि तो गं?" आईने सुनेचा हात धरून विचारलं.

"मागच्या विमानाने येतोय, आई," बायको म्हणाली. दर महिन्याला हेच म्हणत असावी, इतक्या सहज म्हणाली. दादा दुसरीकडे बघू लागला.

आईची नजर सुनेच्या खांद्यावरून पलीकडे गेली. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. रागावली नाही, रडलीही नाही.

"आलास? विमानाला फार उशीर झाला का रे?"