वाढवलेलं दुकान

शेजारच्या गाळ्याला रंग चाललेला बघून मालनकाकूंनी आपल्या बांगड्यांच्या दुकानात गल्ल्यावरच्या पेटीला विचारलं, "हा कुणी घेतला गं?"

"तुम्हीच, काकू. अभिनंदन! तुमची सगळी शिल्लक मी दुकानात गुंतवली."

काकू मटकन गादीवर बसल्या. बाजारात दुकानोदुकानी अशी बोलकी पेटी आल्यापासून पैसा कुठे लावायचा ते तीच बघायची. मालकाने तोंडाने सांगितलं की झालं.

"मी कधी सांगितलं?"

पेटीने त्यांचाच कालचा दमलेला आवाज ऐकवला. "आता नाही होत माझ्याच्यानं. कायमचं वाढव बाई हे दुकान."

काकूंनी कपाळाला हात लावला. बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणायचं आणि दुकान बंद केलं तरी 'वाढवलं' म्हणायचं, हे सासूबाईंनी शिकवलेलं. त्यांना तर लेकीकडे जाऊन नुसतं पडायचं होतं.

"अगं, बंद कर म्हणत होते मी! परत घे सगळं."

"घेते की. आजच्यापुरती मुदत आहे. फक्त गुंतवणूक मोडायला मालकाने स्वतः 'मोड' म्हणावं लागतं."

समोर हिरव्या चुड्यांच्या रांगा लखलखत होत्या. त्यांच्यासमोर हा शब्द काकूंनी जन्मात उच्चारला नव्हता.

गुडघे धरत त्या उठल्या, पायरी उतरल्या, रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या आणि पदराआडून हळूच म्हणाल्या, "मोड."

रिकाम्या दुकानात पेटी अदबीने विचारत होती, "म्हणताय ना, काकू?"