नको म्हणायची तालीम

“नको मला हा कोट!” पाच वर्षांच्या रेवूने लोकरीच्या लाल कोटाच्या बाह्या झटकल्या आणि दिगंबरचा ऊर भरून आला. लेक अगदी बापावर गेली होती.

नागपूरच्या थंडीत सकाळच्या शाळेला कोट हवाच होता, पण सांगितलेली किंमत मोजेल तो दिगंबर कसला? घरून निघतानाच त्याने तिला पढवलं होतं, “कितीही आवडला तरी तोंड वाकडं करून नको म्हणायचं. मग बघ, भाव कसा उतरतो!”

“पंधराशे म्हणजे फार होतात हो, बाई,” तो दुकानवाल्या बाईंना म्हणाला. “आणि पोरीलाही आवडला नाही.”

“बाराशे द्या, भाऊ.”

“टोचतो!” म्हणत रेवूने भोकाड पसरलं. टोचण्याचं तर त्याने शिकवलंही नव्हतं! ही पोरगी पुढे नाव काढणार. कोट काढून ठेवून, तिचा हात धरून तो दुकानाच्या दोन पायऱ्या उतरला, तशी मागून हाक आली, “बरं, सातशे द्या अन् घेऊन जा. पण परत घेणार नाही, सांगून ठेवते.”

कोट तिच्या अंगावर चढवूनच दोघं बाहेर पडले. “शाब्बास गं वाघिणी! रडलीस काय झकास!” दिगंबरने तिला उचलून घेतलं. “आता बास कर, काम झालं.”

रेवूचे डोळे वाहतच होते. कॉलरखाली मान लालबुंद झाली होती. ती खाजवत, हुंदका गिळत तिने विचारलं, “बाबा, खरंच नको असेल तेव्हा काय म्हणायचं?”