घमेल्यातलं कोमट पाणी

डॉक्टरसाहेब बर्फातल्या चौकीवर चढून आले आणि थेट कैद्यापाशी बसले. वाट चुकून हद्दीत शिरलेला शत्रूचा तो शिपाई, त्याचे गारठून काळे पडलेले पाय घमेल्यातल्या कोमट पाण्यात सोडून साहेब विचारत होते, "दुखतंय का रे?"

पहाऱ्यावरच्या खामकरच्या अंगाचा तिळपापड झाला. कालपासून नवं ब्लँकेट याला, पहिला चहा याला, आता पायही धुऊन मिळतायत!

"साहेब, जावई आहे का हा आपला?"

"ताब्यातला माणूस आहे. त्याचा जीव जपायचा, असा कायदा आहे."

"आणि आमचा जीव कोण जपणार?" खामकर धुसफुसला.

तेवढ्यात कैदीच म्हणाला, "साहेब, यांचा डावा पाय बघा. मान खाली घालून मी कालपासून यांचे बूटच बघतोय. तो पाय ते टेकवत नाहीत."

चौकी सोडावी लागेल म्हणून खामकरने दुखणं लपवलं होतं. साहेबांनी बूट काढायला लावला. अंगठा काळानिळा पडला होता.

कैद्याने आपले पाय घमेल्याच्या कडेला सरकवून जागा केली. खामकरने पाय पाण्यात सोडला आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे पाहिलं.