शिंपल्यांचा रस्सा

गाळ काढणाऱ्या बोटी आमच्या बंदरात शिरल्या आणि शिंपल्यांचं गिऱ्हाईक पळालं. गाळ ढवळला की तळाचं विष वर येतं, शिंपल्यांत शिरतं आणि कितीही उकळलं तरी जात नाही, ही धास्ती सगळ्यांनाच होती.

“आमचे शिंपले दोरांना लटकून वाढतात, तळाशी लोळत नाहीत!” शिंपल्यांची शेती करणारा पिल्दू चिडून म्हणाला. त्यानं भर धक्क्यावर बायकोला पातेलं चढवायला लावलं आणि सगळ्यांदेखत दोन वाडगे रस्सा संपवला.

“बघा. मेलो का मी?”

अर्धा तास झाला तरी पिल्दू ठणठणीत होता. मग एकानं भीत भीत वाडगा पुढे केला. बघता बघता सोजू दारूची बाटली फिरू लागली आणि सगळा धक्का रस्सा भुरकू लागला.

पिल्दू बायकोच्या कानाशी वाकला. “काय गं ओकबुन, मिरची किती ओतलीस? ओठ झणझणतायत नुसते. जीभ पण बधिर झालीय.”

ओकबुननं पळी खाली ठेवली.

“अहो... पोरं खातील म्हणून मी आज मिरची घातलीच नाही.”