पेटीचा कागद

"फळ्यावर डकवणार?" पुंजारामनं विचारलं आणि लाडवांची बशी थेट त्या अर्जावर ठेवली. "पळून आलेल्या पोरापोरींच्या रांगेत माझ्या ज्ञानेशचं नाव? पिंपळगावात तोंड दाखवायला जागा राहायची नाय."

अर्ज रजिस्टर लग्नाच्या नोटिशीचा होता. साधनानं तो सकाळी शाळेत शिकवायला जाण्याआधीच भरून, आपली सही करून ठेवला होता. ज्ञानेशच्या सहीची जागा तेवढी कोरी होती. तो चार वर्षांपासून कॅनडात होता. बायकोला तिकडं न्यायचं तर लग्नाचा सरकारी दाखला जोडून अर्ज करावा लागे. नोटीस दिल्यावर ती तीस दिवस कचेरीच्या फळ्यावर लागायची, मग लग्न. ज्ञानेशचं विमान बत्तिसाव्या दिवशी होतं. म्हणजे नोटीस द्यायची ती आजच, कचेरी बंद व्हायच्या आत.

पुंजारामचा बेत निराळा होता. आठ दिवसांनी लॉन्सवर लग्न. दीड हजार पान, घोडा, बँड, दोन बाजूंनी व्हिडिओ. साधनानं शाळेचा राजीनामा द्यायचा आणि पिंपळगावी नांदायला यायचं. कागदाचं पुढच्या खेपेला बघू. पुढची खेप कधी, ते ज्ञानेशलाही सांगता येत नव्हतं. तो मोबाइलची बटणं दाबत बसला होता. तीस वर्षांचा बाप्या, पण बापासमोर हूं की चूं नाही.

साधनाचा बाप गोटीराम मान हलवत होता. होय म्हणायला आणि नाही म्हणायला तो एकच मान हलवी.

उंबऱ्याशी कुसाबाई शेवंतीचे हार ओवत बसली होती. ती गोटीरामची आत्या. विशीत माहेरी परत आली ती मखमलाबादच्या या मळ्यातच राहिली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पण कुंकवाचा धनी गोटीरामनंही कधी पाहिला नव्हता. विचारायची कुणाची छाती नव्हती. गावातल्या प्रत्येक लग्नाचे हार तिच्या हातचे असत, पण ती स्वतः एकाही मांडवात गेली नाही. लोक म्हणत, म्हातारी आंबट आहे. तेरा वर्षांपूर्वी, ब्याण्णव साली, पंचावन्नाव्या वर्षी ती साक्षरता वर्गात जाऊन सही शिकली, तेव्हा मळ्यातल्या बायका हसल्या होत्या. या वयात सही कुठं करणार, अंगठा काय वाईट? कुसाबाई म्हणाली होती, "अंगठा कुणाचा ते सांगायला परत दुसरं माणूस लागतं."

पुंजारामनं आता तिलाच हाताशी धरलं.

"आत्याबाई, तुमी जुन्या माणूस. तुमीच सांगा पोरीला. असल्या लग्नाला लग्न म्हणत्यात का?"

साधनानं मान खाली घातली. आजी काय म्हणणार ते तिला ठाऊक होतं. निदान तसं तिला वाटत होतं.

कुसाबाईनं दातानं दोरा तोडला. "बापू, तुमी द्राक्षं परदेशी धाडता ना?"

विषय आवडीचा निघाला. पुंजाराम मांडी बदलून बसला. "धाडतो की. यंदा सात कंटेनर."

"अन् पेटीला कागद लागतो म्हनं?"

"लागतो म्हणजे? कुठल्या मळ्यातली, कोणती फवारणी, कवा तोडली, समदं लिहून द्यावं लागतं. एक कागद कमी पडला तर बंदरातनं माल माघारी. मग त्याला कुत्रंबी हुंगत नाय."

"अस्सं," कुसाबाई म्हणाली. "द्राक्षाच्या पेटीला कागद. अन् पोर तेवढी नुसती घोड्यामागं न्यायची."

ज्ञानेशचं बटणं दाबणं थांबलं. साधनानं तोंडाला पदर लावला. गोटीरामची मान पहिल्यांदाच हलायची राहिली.

"पेटी येगळी, सून येगळी," पुंजाराम म्हणाला. "दीड हजार माणूस जेवणार हाय, बाई. तेवढे साक्षीदार झाले की."

"माणूस जेवून हात धुतं, बापू. हातासंगं साक्षबी धुऊन टाकतं."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. अर्जावरची बशी उचलून तिनं पुंजारामच्या मांडीवर ठेवली. कागदावर तुपाचं वर्तुळ उमटलं होतं. ते पदरानं पुसून तिनं अर्ज ज्ञानेशपुढं धरला.

"कर सही. नवरा तू हाय, बाप नाय. साधे, रिक्षा बघ. लग्नाला तीन साक्षीदार लागतात ना? त्यात मला धर. मला सही येती."

ज्ञानेशनं बापाकडं पाहिलं. पुंजाराम बशी सावरत म्हणाला, "माणसांचं सोडा, आत्याबाई. लग्नात समोर अग्नी असतो. सप्तपदी असती. अग्नीच्या साक्षीपुढं ह्या कागदाची काय मातब्बरी?"

कुसाबाई उभ्या जागी थांबली. पंचेचाळीस वर्षांत तिनं ही गोष्ट कुणापुढं काढली नव्हती.

"माझ्याबी लग्नात अग्नी होता," ती म्हणाली. "तीन सालांनी नवऱ्यानं दुसरी आणली. मी कोर्टात गेले. तर म्हणाला, ही बाई कोण, मी वळखत नाय. साहेबानं लग्नाचा साक्षीदार मागितला. जेवलेलं गाव आलं नाय. ज्यानं लग्न लावलं तो बामणबी आला नाय."

ज्ञानेशनं बापाच्या खिशातला पेन काढला आणि सही केली.

कुसाबाईनं अर्जाची घडी घालून कमरेला खोचली आणि वहाणा पायात सरकवल्या.

"अग्नीची तेवढी मी पाच वाजेपर्यंत वाट पाहिली, बापू," ती म्हणाली. "तोबी आला नाय."