सतरा नंबरची हजेरी

"सतरा?"

"हजर!"

नव्या रेक्टरांनी वहीतून मान वर केली. आवाज आला होता खरा, पण सतरा नंबरच्या खाटेसमोर कुणीच उभं नव्हतं. बाकीची एकतीस मुलं आपापल्या खाटेशी ताठ उभी होती.

रेक्टरांना वसतिगृहात येऊन तीनच दिवस झाले होते. पहिल्या सकाळी वाटलं, नवा म्हणून पोरं फिरकी घेतायत. दुसऱ्या सकाळी वाटलं, आपलंच लक्ष नव्हतं. आज डोळ्यांत तेल घालून पाहिलं, तरी कुणाचे ओठ हललेले दिसले नाहीत.

ते त्या खाटेपाशी गेले. चादर ताणून घातलेली, खाली पुसलेल्या चपलांचा जोड. उशीत मात्र नुकतंच कुणी डोकं टेकल्यासारखा खळगा होता. हात लावला, तर चक्क ऊब लागली. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि मग स्वतःचाच राग आला. एवढा घोडा माणूस, मुलांना गणित शिकवतो आणि उशीला घाबरतो!

त्यांनी मॉनिटरला ऑफिसात बोलावलं. सगळे त्याला लंबू म्हणत.

"सतरा नंबर कुठे आहे?"

"आहे ना, सर."

"कुठे आहे ते विचारतोय."

"गेला, सर. आठ महिने झाले. तापानं गेला."

रेक्टर खुर्चीत बसले. पंखा बंद होता, तरी त्यांना गार वाटलं.

मग लंबूनं सांगितलं. या वसतिगृहात जुनी पद्धत होती. कुणी आजारी पडून दवाखान्यात गेला, की शेजारच्या खाटेवाल्यानं त्याची हजेरी द्यायची आणि सगळ्यांनी आळीपाळीनं त्याच्या अंथरुणावर घटकाभर पडायचं. जागा थंड होऊ द्यायची नाही. तो बरा होऊन परत येईपर्यंत हे चालायचं.

"तो आलाच नाही, सर. मग बंद कधी करायचं, ते कुणाला कळेना. जुन्या सरांनीही वहीतून त्याचा नंबर काढला नाही."

"आणि घरी कोण आहे त्याच्या?"

"आई. तिला माहीत नाही."

"म्हणजे?"

"त्याचा मामा आला होता. त्यानंच सगळं उरकलं. बहिणीचं काळीज नाजूक आहे, हळूहळू सांगतो म्हणाला आणि बोटीवरच्या नोकरीवर निघून गेला. पंधरा दिवसांनी आईचं पत्र आलं. बाळा, खुशाली का कळवली नाहीस, म्हणून. तीन दिवस आम्ही ते पत्र नुसतं एकमेकांकडे देत होतो. मग मी उत्तर लिहिलं."

"त्याच्या अक्षरात?"

"त्याच्या वह्या होत्या ना, सर."

"सुट्टीत घरी का आला नाही, हे नाही विचारलं तिनं?"

"जादा तास आहेत म्हणून कळवलं."

रेक्टरांचा पारा चढला. "अरे, आई आहे ती! तिच्या डोळ्यांत धूळ फेकताय तुम्ही."

"तिला दिसत नाही, सर," लंबू खालच्या आवाजात म्हणाला. "दोन वर्षं झाली. पत्रं शेजारीण वाचून दाखवते आणि लिहूनही तीच देते." त्यानं खिशातून पाकीट काढलं. "आणि हे काल आलं. रविवारी भेटायला येतेय. समोर बसून बोलायचंय म्हणते."

रेक्टरांनी दार उघडलं तर बाहेर तीस मुलं उभी. एवढी मुलं आणि जराही आवाज नाही.

"एकदाच भेटू दे तिला, सर," कुणीतरी म्हणालं.

"भेटू दे," रेक्टर शेवटी म्हणाले. "पण निघताना मी तिला सगळं खरं सांगणार. असलं खोटं माझ्या पोटात राहायचं नाही."

रविवारी अकराला ती आली. एकटीच, हातात कापडी पिशवी. तिनं तोंड उघडायच्या आत लंबू धावत सुटला.

"आई!"

त्यानं मिठीच मारली. ती जागच्या जागी थिजली. मुलांनी श्वास रोखले. मग तिचा हात हळूहळू वर आला आणि लंबूच्या डोक्यावर टेकला.

"केवढा झालास रे," ती म्हणाली.

तासभर ती सतरा नंबरच्या खाटेवर बसली होती. मुलांनी चहा आणला, सतरा नंबरच्या खऱ्याखुऱ्या खोड्या सांगितल्या. ती हसली, डोळेही पुसले. कोपऱ्यात उभ्या रेक्टरांना गलबलून आलं.

निघताना व्हरांड्यात कुणाच्या तरी पायानं बादली कलंडली. बाईनं झटकन कपडे सावरले आणि पाण्याला वळसा घालून ती पुढे गेली.

रेक्टर जागीच थबकले. हिला दिसतंय! म्हणजे पहिल्या क्षणापासून तिला कळलं होतं, हा आपला मुलगा नव्हे. तरी ती तासभर त्याच्या केसांतून हात फिरवत होती.

फाटकापाशी त्यांनी मुलांना मागे थांबवलं. घोकून ठेवलेलं वाक्य त्यांनी बाजूला ठेवलं.

"बाई," ते कसेबसे म्हणाले, "तुम्हाला दिसतं."

"दिसतं की." तिनं लांब उभ्या असलेल्या लंबूकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्याची आई जाऊन चार महिने झाले, सर. मी शेजारीण, पत्रं लिहून देणारी. ती गेल्यावर कळवायला मन धजेना, म्हणून लिहीतच राहिले. आज सांगायलाच आले होते. मला तिच्या शेजारी येऊन सातच महिने झाले; कधी पाहिलंही नव्हतं मी त्याला, आणि त्यानं येऊन मिठीच मारली."

तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मला एक सांगा, सर," ती म्हणाली, "पोटचं पोर आईचा चेहरा असा विसरतं का हो?"