चौथा बोल्ट

तीन बोल्ट मुकाट्यानं निघाले. चौथ्याचं डोकं पान्यातच तुटलं आणि उरलेलं धड लाकडात रुतून बसलं.

"झालं," शेजारचे महादेवराव म्हणाले. "आता कुऱ्हाडच आना."

खुशालरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की महादेवरावांनी सुपारीचं खांड तोंडात टाकून विषय मिटवला. कुऱ्हाड लावायला ते काय बाभळीचं खोड होतं? दुर्गाबाईंच्या वडिलांनी लग्नात आंदण दिलेला, बार्शीटाकळीच्या सुताराकडून घडवून घेतलेला सागवानी रेडिओग्राम होता तो. गेल्या वर्षी आत नवा अ‍ॅम्प्लिफायर बसवल्यापासून तो मोबाइलवरची गाणीही वाजवायचा. बटणाला हात मात्र फक्त खुशालरावांचा. दुसऱ्या कुणी लावलेला त्यांना खपत नसे.

आता तो अमरावतीला, प्रणालीच्या नव्या घरी जायचा होता. लेकीनं हौसेनं मागितला, बापानं दिलदारपणे हो म्हटलं. दिवाळीत शिलाई मशीन तिच्याकडे गेली, उन्हाळ्यात दिवाण आणि पितळी हंडा. घर मोकळं झालं म्हणून खुशालराव खूशच होते.

पण रेडिओग्रामचे दोन भाग सुटे झाल्याशिवाय तो दारातून बाहेर पडणार नव्हता. आणि ते भाग सांधणारे बोल्ट खुशालरावांनीच, तरुणपणी, अंगातलं सगळं बळ लावून आवळले होते.

बाहेर टेम्पोवाल्या पिंटूनं हॉर्न दिला. त्याला अमरावतीहून परतीचं भाडं होतं.

दुर्गाबाई चहा घेऊन आल्या. बाहेर जायचं पातळ नेसल्या होत्या, पण तिकडे पाहायला सवड कोणाला होती?

"प्रणालीचे बाबा, नसन होत तुमच्याच्यानं तं राहू द्या," त्या म्हणाल्या. "राहीन इथंच."

हे वर्मी लागलं. उभा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून काढलेल्या माणसाला बायकोनं चारचौघांत असं म्हणावं?

"मले काय समजून राहिली तू? पिंटूले सांग, थांब म्हना."

मग ते कामाला भिडले. बोल्टच्या तुटक्या तोंडावर तेल सोडलं. मधोमध ठोकून खूण केली. ड्रिलनं आधी बारीक, मग त्याहून जाड भोक पाडलं. हात जरा हलला असता तर आतले आटे गेले असते आणि सागवान फुटलं असतं. महादेवरावही सुपारी चघळायचे थांबले. खुशालरावांनी उलट्या आट्यांची सळई त्या भोकात ठोकून बसवली, पाना लावला आणि डावीकडे जोर दिला.

काही हललं नाही. पुन्हा दिला. घाम डोळ्यांत उतरला.

तिसऱ्या खेपेला आतून 'कट्ट' असा आवाज झाला. पाना सूतभर सरकला, मग बोटभर. गंजाची पूड सांडत चौथा बोल्ट सळईला धरून बाहेर आला.

"मानलं बॉ तुमाले," महादेवराव म्हणाले. खुशालरावांची छाती फुगली. नोकरीतून सुटल्यापासून इतका आनंद त्यांना झाला नव्हता.

गल्लीतल्या पोरांनी दोन्ही भाग टेम्पोत चढवले. खुशालराव तळहातावर तो बोल्ट घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. तेवढ्यात दुर्गाबाई हातात पिशवी घेऊन आल्या आणि पिंटूच्या शेजारी बसल्या.

"तू कुठं निघाली?"

"प्रणालीकडं. आता तिथंच राहीन."

"आन् मी?"

"हे घर तुमचं आहे ना." दुर्गाबाईंचा आवाज चहा विचारतानाचाच होता. "लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मी निघाली होती, तवा याच दारात आडवे झाले तुमी. म्हने, जायचं तं बापानं देल्लं सारं घेऊन जाय, एक खिळाही मांगं ठेवू नको. एकटीच्यानं हे धूड हालत नोतं."

दुर्गाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून खुशालरावांच्या तळहातावरचा बोल्ट अलगद उचलला.

"हा बी माह्या बाबाचाच," त्या म्हणाल्या, आणि पिंटूला निघायला सांगितलं.